टिपणीत लिहिता येईल तेवढंच: एएमसी टाळण्याची एक रीत

आमची बँक लहान. अकरा शाखा, नऊ सांगली जिल्ह्यात आणि दोन कोल्हापूरच्या हद्दीत. आयटी विभाग म्हणजे मी, एक ज्युनिअर पोरगी आणि मुख्य कार्यालयाच्या जिन्याखालची खोली, जिच्यात पूर्वी व्हाउचरचे गठ्ठे असायचे. दर मार्चला एएमसीच्या, म्हणजे यंत्रांच्या वार्षिक देखभाल कराराच्या, नूतनीकरणाचे कागद येतात आणि दर मार्चला कोणीतरी संचालक विचारतात, "काय ओ मॅडम, वर्षात मशीन एकदाबी बंद पडलं नाही, मग पैसे कशाचे देतोय आपण?"

प्रश्न रास्त आहे. पैसे सभासदांचे आहेत आणि बरीचशी एएमसी खरंच फुकट जाते. ती कुठली सोडावी, कुठली सोडू नये आणि सोडल्यावर आपला जुगाड कुठे थांबवावा, याची आमची रीत सांगते. थांबण्याच्या बाबतीत माझे हात पोळलेत, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

आमच्याकडे एकाच मॉडेलचे दोन सर्व्हर होते. एकाची एएमसी चालू होती, दुसऱ्याची मीच सोडून दिलेली. दुसऱ्यातली ६०० जीबीची डिस्क गेली, केशरी दिवा लागला. नवी डिस्क विकत घ्यायची तर खरेदी समिती, तीन कोटेशनं आणि पंधरा दिवस. मी रात्री थांबले. चालू एएमसीच्या सर्व्हरमधली चांगली डिस्क काढून इकडे बसवली, मेलेली तिकडे खोचली आणि सकाळी कंपनीकडे कॉल टाकला, म्हणजे तक्रार नोंदवली, की "आमच्या सर्व्हरची डिस्क गेलीय." सगळेच करतात, असं मला वाटत होतं. तसं बरेच जण करतातही.

नवी डिस्क दोन दिवसांनी आली. ते दोन दिवस बँकेचा मुख्य सर्व्हर उरलेल्या एका डिस्कच्या भरवशावर चालला, म्हणजे डिस्कचे पैसे वाचवायला मी सगळ्या ठेवीदारांचे हिशेब टांगणीला लावले होते. आलेला इंजिनिअर कराडचा, विशी-बाविशीचा पोरगा. कंपनीचा माणूस नव्हे, कंपनीच्या फ्रँचायझीचा. त्याने रिवाजाप्रमाणे सर्व्हरचा लॉग, म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेली नोंद, काढला. लॉगमध्ये रात्री कोणती डिस्क निघाली आणि कोणत्या सीरियल नंबरची आत आली, हे मिनिटासकट होतं. तो हळूच म्हणाला, "मॅडम, ही ह्या मशीनची डिस्क नाही." मी काही बोलले नाही. त्यानेही नवी डिस्क बसवली, कॉल रिपोर्टवर माझी सही घेतली आणि निघाला.

तीन महिन्यांनी दुसऱ्या कॉलला दुसराच माणूस आला. त्याच्याकडून कळलं, परत गेलेल्या डिस्कचा नंबर कंपनीच्या डेपोत जुळला नव्हता. त्या पोराकडून लेखी खुलासा मागवला आणि डिस्कची किंमत त्याच्या पगारातून हप्त्याने कापायला सुरुवात केली. मी कंपनीला पत्र लिहिलं, चूक माझी म्हणून कळवलं, आणि बँकेने डिस्कचे पैसे भरले. ते पत्र आधी चेअरमन साहेबांना दाखवावं लागलं. तो अर्धा तास मला अजून आठवतो.

त्यानंतर मी एक नियम धरला. एएमसी टाळायची कोणतीही युक्ती मनात आली की तिची संचालक मंडळापुढे ठेवायची टिपणी मनातल्या मनात लिहायची. "बिनएएमसीच्या सर्व्हरची नादुरुस्त डिस्क एएमसी असलेल्या सर्व्हरमध्ये घालून बदलून घ्यावी." हे वाक्य टिपणीत येऊ शकत नाही. "शाखांतील स्विचची एएमसी न घेता दोन राखीव स्विच ठेवावेत." हे येतं. (स्विच म्हणजे शाखेतले संगणक नेटवर्कने जोडणारा डबा.) बहुतेक वेळा एवढ्याने निकाल लागतो. उरलेल्या वेळी थोडा कायदा आणि थोडा अभ्यास लागतो.

आधी वही करा

प्रत्येक यंत्राची एक ओळ: मॉडेल, सीरियल नंबर, खरेदीची तारीख, वॉरंटी कधी संपली, एएमसी कोणाची आणि ते बंद पडलं तर काय थांबतं. शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा, आणि तो भरायला शाखेतल्या कॅशिअरशी बोलावं लागतं. आमची यादी केली तेव्हा एएमसीच्या बिलात दोन पासबुक प्रिंटर निघाले, जे आदल्या वर्षीच भंगारात गेले होते. त्यांचे पैसे आम्ही इमानेइतबारे भरत होतो. इथे नीतीचा काही प्रश्न नाही, नुसती वही नव्हती.

मग करार वाचा, मागच्या पानापासून

'कॉम्प्रिहेन्सिव्ह' या शब्दावर जाऊ नका. मागच्या पानावर काय धरलेलं नाही त्याची यादी असते: बॅटरी, प्रिंटहेड, फ्यूजर, प्लास्टिकचे भाग, वीज किंवा उंदराने केलेलं नुकसान. पासबुक प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा जातं ते प्रिंटहेडच. म्हणजे जे बिघडतं ते सोडून बाकी सगळ्याची हमी.

दुसरं, 'चार तासांत प्रतिसाद' म्हणजे चार तासांत दुरुस्ती नव्हे. चार तासांत कोणीतरी फोन करेल, एवढाच त्याचा अर्थ. दुरुस्तीची मुदत वेगळी लिहिलेली असते, किंवा नसतेच.

तिसरं, बदललेली डिस्क कोणाची? नेहमीच्या करारात खराब डिस्क कंपनी परत नेते. तिच्यात आपल्या खातेदारांची नावं, पत्ते, शिल्लक असते. मेलेली डिस्क पूर्ण मेलेली असतेच असं नाही. डिस्क ग्राहकाकडेच ठेवायची सोय सर्व्हर बनवणाऱ्या डेल आणि एचपीई दोघीही जादा पैसे घेऊन देतात. ती घेतली नसेल तर एएमसी असूनही डिस्क स्वतः विकत घेणं आणि जुनी भोक पाडून नष्ट करणं बरं. आम्ही तसंच करतो आणि खर्चाचं कारण टिपणीत सरळ लिहितो.

हात आपले, फाइल त्यांची

हे नीट समजून घ्या, कारण गल्लत इथेच होते. एएमसीच्या पैशात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका बिलात येतात. एक म्हणजे माणूस आणि सुटा भाग. दुसरी म्हणजे फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतच बसवलेला प्रोग्रॅम, आणि सॉफ्टवेअर यांच्या नव्या आवृत्त्या.

पहिलीवर तुमचा हक्क पक्का आहे. यंत्र तुमचं आहे. पंखा बदला, रॅम वाढवा, पॉवर सप्लाय लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणून बसवा, कोणाच्या बापाची भीती नाही. मी स्वतः स्विचच्या पॉवर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर बदललेत आणि ते स्विच अजून चालतात. एकच अपवाद, मोठा यूपीएस. बारा व्होल्टच्या सोळा बॅटऱ्या मालिकेत जोडल्या की १९२ व्होल्ट डीसी होतो आणि मेन स्विच बंद केला तरी तो तिथेच असतो. पैसे वाचवायला शिपायाला पाना धरायला लावू नका. ज्याला हे काम येतं त्याला बोलवा आणि त्याचं बिल द्या.

दुसरीचं तसं नाही. फाइल त्यांची, आणि ती कोणत्या अटीवर मिळते ते कंपनीगणिक वेगळं आहे. डेलच्या सर्व्हरचं बायोस (यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम) आणि आयड्रॅकचं (सर्व्हर दुरून सांभाळायच्या भागाचं) फर्मवेअर सर्व्हिस टॅग टाकला की मिळतं, करार नसला तरी. एचपीने फेब्रुवारी २०१४ मध्ये जाहीर केलं की प्रोलायंट सर्व्हरचं सिस्टिम रॉमसारखं (म्हणजे त्यांच्या बायोसचं) फर्मवेअर वॉरंटी किंवा करार असेल तरच मिळेल. आयएलओ, म्हणजे त्यांचा दुरून सांभाळायचा भाग, त्याचं मात्र खुलं ठेवलं. ओरॅकलने २०१० मध्ये सन ही सर्व्हर बनवणारी कंपनी विकत घेतली आणि सनच्या यंत्रांचे पॅच, म्हणजे दोष दुरुस्त करणाऱ्या फाइली, कराराच्या कुलपाआड गेले. नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोमध्ये नव्या आवृत्तीला करार लागतो, शिवाय सॉफ्टवेअरचा परवाना जुन्या बाजारातून घेतलेल्या यंत्राबरोबर आपोआप येत नाही. स्वस्तात मिळालेल्या सेकंडहँड स्विचचा लोखंडी डबा तुमचा होतो, आतल्या आयओएसवर, म्हणजे स्विच चालवणाऱ्या सिस्कोच्या प्रोग्रॅमवर, तुमचा हक्क असेलच असं नाही. विकणारा हे सांगत नाही. त्याला विचारा.

करार असलेल्या मित्राचा कंपनीच्या पोर्टलचा आयडी वापरून फाइल उतरवणं ही आपल्याकडची सगळ्यांत चालती वाट. "अरे, दे की जरा तुझा लॉगिन, एकच फाइल काढायचीय." माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमात दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कॉपीराइट कायद्याचं ६३-बी कलम बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी आहे, त्यात किमान सात दिवस कैद लिहिलीय. मित्राने राजीखुशीने दिला म्हणाल, तर तो द्यायचा हक्क त्याचा नव्हता, आणि पकडला गेला तर नोकरी त्याची जाणार, तुमची नाही. परत तेच, कराडच्या पोरासारखं.

दुसरी वाट याहून वाईट: टेलिग्रामवरून किंवा कोणाच्या तरी ड्राइव्हवरून फर्मवेअर उचलणं. बँकेच्या नेटवर्कची राखण करणाऱ्या फायरवॉलमध्ये अनोळखी माणसाची फाइल घालणं म्हणजे तिजोरीची किल्ली बनवायला रस्त्यावरच्या वाटसरूला देणं. कंपनी आपल्या पानावर बहुधा फाइलची चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आहे का ते ओळखायची खूण, छापते. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने एसएचए-२५६ प्रकारची चेकसम काढून ती जुळवता येते, आणि वैध मार्गाने आलेली फाइलही मी जुळवल्याशिवाय चढवत नाही. पण चेकसम जुळली म्हणून चोरीची फाइल आपली होत नाही.

कायदा सगळा कंपनीच्या बाजूचा आहे असंही नाही. त्याच कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम वैधरीत्या जवळ असलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप प्रत काढायला मोकळीक देतं. म्हणून वॉरंटी संपायच्या आधी शेवटच्या महिन्यात मी एक काम न चुकता करते: हक्काने मिळणारी सगळी फर्मवेअरं उतरवून, चेकसमसह, तारीख टाकून दोन ठिकाणी ठेवते. ते यंत्र पुढे पाच वर्षं त्यावर चालतं. बाजूला एक चिठ्ठी, कोणती फाइल कोणत्या सीरियल नंबरसाठी उतरवली त्याची. एका यंत्राच्या हक्कावर काढलेली फाइल दहा यंत्रांत घालायची नाही, म्हणून ती चिठ्ठी.

आधी मागून बघा

मला आश्चर्य वाटतं ते याचं, की लोक चोरतात पण मागत नाहीत. सिस्कोच्या सुरक्षा सूचनांमध्ये खाली लिहिलेलं असतं: करार नसलेल्या ग्राहकाने यंत्राचा सीरियल नंबर आणि त्या सूचनेचा दुवा घेऊन टीएसीशी, म्हणजे त्यांच्या मदत केंद्राशी, संपर्क साधावा, त्या दोषाची दुरुस्ती मोफत मिळेल. मी मागितली आहे. मिळाली आहे. दोन ईमेल आणि एक फोन लागला. नवी सोय मिळत नाही, फक्त भोक बुजवलं जातं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

जी कंपनी असं देत नाही तिच्याबद्दल माझं मत सांगते. विकताना यंत्रात दोष होता, तो पुढे उघडकीला आला, आणि त्याची दुरुस्ती करारवाल्यालाच मिळणार, हे मला अनैतिक वाटतं. नव्या सुविधेचे पैसे घ्या. माणूस पाठवण्याचे घ्या. तुमच्याच चुकीचे आमच्याकडून कसे घेता? पण हे मी त्यांना पत्रात लिहिते. एकदा लिहिलं, बँकेच्या लेटरहेडवर, सूचनेच्या क्रमांकासह. नऊ दिवसांनी फाइल आली, मेलमध्ये सौजन्य नावालाही नव्हतं. चालेल.

दुसऱ्याला काम देताना

एएमसी मूळ कंपनीऐवजी बाहेरच्या दुकानाला देणं यात काही गैर नाही. बहुतेक वेळा तोच माणूस येतो, निम्म्या दरात. फक्त एक प्रश्न लेखी विचारा: फर्मवेअर लागलं तर तुम्ही ते कुठून आणणार? अमेरिकेत टेरिक्स नावाची अशीच बाहेरून देखभाल करणारी कंपनी होती. ती मोजक्या यंत्रांचा ओरॅकलचा करार घेऊन त्यावरून उतरवलेले सोलारिसचे (सनच्या यंत्रांवरच्या प्रणालीचे) पॅच इतर ग्राहकांच्या यंत्रांत घालत असे. २०१५ मध्ये तिच्यावर ५ कोटी ७७ लाख डॉलरचा निकाल लागला. आपल्या गावातल्या दुकानावर ओरॅकल धावून येणार नाही, कबूल. पण "ते आमचं आम्ही बघतो, तुम्ही कशाला टेन्शन घेता" असं उत्तर आलं तर समजा की चोरीचा माल तुमच्या रॅकमध्ये येणार आणि ऑडिटला उत्तर तुम्ही देणार.

स्वस्त एसएफपीबद्दलही, म्हणजे केबल जोडायला स्विचमध्ये खोचायच्या ट्रान्सीव्हरबद्दलही, नेहमी विचारणा होते. स्विचमध्ये दुसऱ्या कंपनीचं ट्रान्सीव्हर घातलं की सिस्को ते नाकारतो, आणि ते चालवून घ्यायची आज्ञा सिस्कोनेच आत ठेवली आहे. वापरा, खुशाल. सिस्कोचं म्हणणं इतकंच की बिघाड त्या परक्या भागामुळे असेल तर मदत मिळणार नाही. कॉल टाकण्याआधी तो भाग काढून अस्सल घालून पाहणं याला बिघाड शोधणं म्हणतात. "पहिल्यापासून अस्सलच होता" असं केसमध्ये लिहिणं याला खोटं बोलणं म्हणतात. शिवाय खोट्या माहितीवर समोरचा इंजिनिअर तीन दिवस भलतीकडेच शोधत बसतो, आणि तेवढे दिवस शाखा अडते आपलीच.

काय सोडू नये

फायरवॉल. कोअर बँकिंगचा, म्हणजे सगळ्या खात्यांचे व्यवहार चालवणारा, सर्व्हर. बॅकअपचं यंत्र. इथे मी संचालकांशी वाद घालते आणि मागे हटत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात ९४ कोटींच्या वर रक्कम गेली. ती घटना एएमसीची नव्हती, पण तेव्हापासून आमच्या बैठकीत 'हॅक' हा शब्द हसण्यावारी जात नाही. दोनच महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ ला, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट काढली, त्यात पॅचची नोंद आणि देखरेख ठेवायला सांगितलं आहे. ज्या यंत्राचा पॅच करारावाचून मिळत नाही आणि जे बाहेरच्या जगाला तोंड देतं, त्याची एएमसी सोडणं ही बचत नव्हे. धोका ठेवीदाराचा आणि शाबासकी माझी, असा तो व्यवहार होतो. ठेवीदाराला कोणी विचारलेलंही नसतं.

करार परवडतच नसेल तर यंत्र बदला, लहान घ्या, किंवा ते काम मुक्त सॉफ्टवेअरवर न्या. आमचे दोन अंतर्गत सर्व्हर सेंटओएस या मोफत लिनक्सवर होते. त्याची सातवी आवृत्ती ३० जून २०२४ ला संपली तेव्हा आम्ही अल्मालिनक्स या तशाच मोफत प्रणालीवर गेलो. रेड हॅट या विकतच्या लिनक्सचं एक सबस्क्रिप्शन घेऊन चार यंत्रं चालवायचा सल्ला मला ज्याने दिला, तो भला माणूस आहे. पण त्याच्या टिपणीचं वाक्य त्यालाही लिहिता आलं नसतं.

टिपणीचा मसुदा

आमच्या खऱ्या टिपणीतून जवळजवळ तशीच उतरवते, हवी तर घ्या:

"विषय: शाखांतील स्विचची एएमसी न घेणेबाबत. अकरा शाखांतील स्विचची वॉरंटी संपली आहे. एएमसीचा दर प्रति स्विच रु. २,४०० प्रमाणे वार्षिक रु. २६,४०० होतो. त्याऐवजी दोन राखीव स्विच रु. १९,००० ला घेऊन मुख्य कार्यालयात ठेवावेत. स्विच नादुरुस्त झाल्यास संबंधित शाखा जास्तीत जास्त तीन तास, जत शाखा चार तास, बंद राहील. त्या वेळात शाखाधिकाऱ्यांनी ग्राहकांना काय सांगावे ते सोबत जोडले आहे. उत्पादकाकडून नवीन आवृत्ती मिळणार नाही. सुरक्षाविषयक दुरुस्ती उत्पादकाच्या जाहीर धोरणानुसार मागवली जाईल. ती देणे उत्पादकाने थांबवल्यास स्विच बदलण्याचा प्रस्ताव ठेवला जाईल. मंजुरीस सादर."

यात 'बंद राहील' हे वाक्य कोणी गाळायला सांगेल. गाळू नका. पैसे वाचवायचा निर्णय त्यांचा, तर तीन तासांची गैरसोयही त्यांच्या सहीखाली असू दे.

राखीव स्विच घेतले की काम संपलं असं नाही. प्रत्येक शाखेच्या स्विचची कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे त्याच्या मांडणीची नोंद, काढून ठेवा, बदल झाला की परत काढा, आणि वर्षातून एकदा रविवारी प्रत्यक्ष स्विच बदलून बघा. पहिल्या वेळी आम्ही तासगावला विट्याची फाइल चढवून पाठवलं आणि मॅनेजर साहेब दीड तास "मॅडम, दिवे तर सगळे लागलेत की" असं फोनवर सांगत होते. आता फाइलच्या नावात शाखेचा कोड असतो आणि डब्यावर जाड मार्करने तोच लिहिलेला असतो.

एएमसी सोडून मध्येच परत हवी झाली तर मधल्या काळाचे पैसे आणि तपासणीचा आकार बहुतेक कंपन्या मागतात. तो राग धरून 'मशीन नुकतंच बंद पडलं' हे लपवून करार सुरू करू नका. आधी बिघाड सांगा, एका वेळच्या कॉलचा दर विचारा. बऱ्याच वेळा तो वर्षाच्या कराराहून कमी निघतो.

टिपणी दर मार्चला नवी होते. यंदा ती वाचून झाल्यावर आमचे एक संचालक, उसाची शेती करणारे, चष्मा काढून म्हणाले, "स्विच बदलाल ओ, पण लाइटच गेली तर त्या यूपीएसच्या बॅटऱ्या किती वर्षांच्या हाईत?" वही उघडून बघितलं. अकरापैकी सात शाखांच्या ओळीत तो रकाना कोराच होता.